गहू निवडतो, मग मुलांचे पेपर का नाही?



दशलक्षण पर्व तोंडावर आलं की मंदिराच्या फळ्यावर दानाची यादी लागते, तशी यंदाही लागली आहे. आहारदान, औषधदान, अभयदान, ज्ञानदान. ज्ञानदानात एरवी वह्या, गणवेश आणि गरजू मुलांची फी एवढंच असतं. यंदा त्याखाली एक नवी ओळ आली आहे: आपल्या माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीचे पेपर कृत्रिम बुद्धिमत्तेनं तपासण्याची सोय. देणगीदाराचं नाव संगणकाच्या खोलीबाहेर पाटीवर लागेल, असंही लिहिलंय.

मी या ओळीसाठी एक रुपयाही देणार नाही, आणि तुम्हीही देऊ नका, हे सांगायला आज लिहितेय. काही जणींना हे कडू लागेल. रागावलात तर क्षमावाणीला बघू.

आधी ही सोय म्हणजे नेमकं काय ते सांगते, कारण फळ्यावरच्या एका ओळीत ते कळत नाही. पालकांच्या बैठकीला कंपनीचा माणूस आला होता तेव्हा मी तिथं होते. शिक्षकानं मुलाच्या उत्तरपत्रिकेची पानं मोबाईलवर टिपायची. यंत्र ते हस्ताक्षर वाचून अक्षरं छापील करतं, शाळेनं दिलेल्या आदर्श उत्तराशी ताडून बघतं, प्रत्येक उत्तराला गुण देतं आणि खाली दोन ओळींचा शेराही लिहितं. शिक्षकानं फक्त ‘मान्य’ वर बोट ठेवायचं. पूर्ण वर्गाचा निकाल चहा प्यायला जाऊन येईपर्यंत तयार! टाळ्या पडल्या. शेवटी त्यानं सांगितलं की गुण शिक्षकाला बदलता येतात, पण सहसा तशी गरज पडत नाही. त्याच्या बोलण्यातलं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

आपल्या घरात गहू येतो तो ‘मशीनक्लीन’ असतो. पोत्यावर तसं छापलेलं असतं. तरी आपण काय करतो? दुपारी ताटात घेऊन बसतो, मूठमूठभर पसरतो आणि निवडतो. खडे काढायला नव्हे, खडे यंत्रानं काढलेलेच असतात. एखाद्या दाण्यात जीव असेल, तो दळला जाऊ नये म्हणून. घरात पाण्याचं महागडं यंत्र बसवलं तरी सासूबाईंनी माठावरचं गाळणं काढू दिलेलं नाही. जो जीव धड डोळ्यांना दिसतही नाही, त्याच्यासाठी आपण यंत्राच्या शब्दावर विश्वास ठेवत नाही. आणि पंधरा वर्षांच्या मुलानं तीन तास मान मोडून लिहिलेली बारा पानं मात्र कुणी न वाचता दळून टाकायची, आणि त्याला ज्ञानदान म्हणायचं?

‘तपासणं’ म्हणजे गुण देणं, असं आपल्याला वाटतं. आपल्या हातात शेवटी आकडाच येतो, म्हणून तसं वाटतं. चांगल्या शिक्षिकेला विचारा. दहावीच्या विज्ञानाचे साठ पेपर वाचताना तिला तेराव्या-चौदाव्या पेपरपाशी कळतं की निम्मा वर्ग ‘अपवर्तन’ आणि ‘परावर्तन’ यांत गोंधळलाय. मग तिला आठवतं की तो तास स्नेहसंमेलनाच्या तालमीमुळं अर्धाच झाला होता. दुसऱ्या दिवशी ती पाण्याच्या पेल्यात पेन्सिल ठेवून परत शिकवते. पेपर तपासणं हे शिकवण्याचंच अर्धं काम आहे. कुणाचं अक्षर चौथ्या पानानंतर एकदम बिघडलंय, कुणी अर्धं उत्तर लिहून खोडलंय आणि खोडलेलंच बरोबर आहे, कुणाच्या निबंधात आई कुठंच नाही, हे सगळं तिला वाचताना दिसतं. कंपनीचा माणूस म्हणाला, आमचा तक्ता दाखवतो ना, २३ मुलांचं अपवर्तन कच्चं आहे म्हणून! दाखवत असेल. पण तो तक्ता वाचणारी बाई आणि ते २३ पेपर वाचलेली बाई, या दोघी दुसऱ्या दिवशी वर्गात सारख्या उभ्या राहत नाहीत. पहिलीला फक्त आकडा ठाऊक असतो. दुसरीला मुलं ठाऊक असतात.

आता घरातलीच गोष्ट सांगते. माझी पुतणी दुसऱ्या गावी नववीला आहे. तिच्या शाळेनं ही सोय गेल्या वर्षीच घेतली. शाळेचं नाव सांगत नाही, कारण अशा शाळा आता एक-दोन राहिलेल्या नाहीत. भूगोलात तीन गुणांचा प्रश्न होता, कोकणातल्या घरांची छपरं उतरती का असतात? पोरीचं आजोळ कोकणातलं. तिनं लिहिलं की तिकडं पाऊस धो धो पडतो, छप्पर उतरतं असलं की पाणी साचत नाही, पागोळ्यांनी खाली येतं आणि अंगणात पागोळ्यांच्या रेषेत खड्डे पडतात. यंत्रानं ‘पागोळ्या’ चं ‘पाकोळ्या’ वाचलं. तीनपैकी एक गुण, आणि खाली शेरा: पक्ष्यांचा उल्लेख विषयाला धरून नाही.

पहिल्यांदा आम्ही सगळे हसलो. जाऊबाई तर हसून हसून रडायच्या बाकी होत्या. पोरगी मात्र हसली नाही. ती सरांकडं गेली तेव्हा सर म्हणाले, हे सिस्टीमनं दिलेत, बदलायचे तर अर्ज कर, वरून मान्यता घ्यावी लागते. दोन गुणांसाठी अर्ज कोण करणार? त्यापुढच्या परीक्षेत तिनं भूगोलात पुस्तकातली वाक्यं जशीच्या तशी लिहिली आणि तिला पैकीच्या पैकी मिळाले. म्हणजे यंत्रानं तिला शिकवलं, खरंच शिकवलं: आजोळचं अंगण उत्तरात आणायचं नाही.

माणूसही चुकीचं वाचतो, हे मला माहीत आहे. पण सरांनी ‘पाकोळ्या’ वाचलं असतं तर क्षणभर थांबले असते. छपराच्या उत्तरात पक्षी कुठून आले, असं म्हणून त्यांनी पुढचं वाक्य वाचलं असतं आणि त्यांच्या ओठांवर हसू आलं असतं. चुकीचं वाचूनही बरोबर समजून घेता येतं, कारण वाचणाऱ्याच्या डोक्यात पाऊस असतो, अंगण असतं, ती मुलगी असते. आणि पाठशाळेत आपण पोरांना हत्ती आणि सात आंधळ्यांची गोष्ट सांगून अनेकांत शिकवतो ना? वस्तूला अनेक बाजू असतात, एका बाजूनं बघणाऱ्यानं दुसऱ्याला खोटं ठरवू नये. मग ज्या मुलानं दुसऱ्या बाजूनं उत्तर गाठलं, त्याला आपण कुणाच्या हवाली करतोय? एका आदर्श उत्तराशी ताडून बघणाऱ्याच्या.

हे खूळ आजचं नाही, हेही सांगायला हवं. नवीन आहे म्हणून आपण घाबरतो, असं विश्वस्त म्हणतात, पण हे नवीन नाहीच. अमेरिकेत एलिस पेज नावाच्या प्राध्यापकांनी निबंध संगणकाकडून तपासण्याची कल्पना १९६६ साली मांडली. आपलं राज्य मंडळही योगायोगानं १९६६ सालचंच. पेज स्वतः आधी शाळेत इंग्रजी शिकवायचे आणि निबंधांच्या गठ्ठ्यांना कंटाळले होते, त्यामुळं त्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. त्यांचा संगणक निबंध वाचायचा नाही, मोजायचा. निबंध किती लांब, शब्द किती लांब, स्वल्पविराम किती. लांब लिहिणाऱ्याला जास्त गुण. गंमत म्हणजे ते गुण माणसांच्या गुणांशी बऱ्यापैकी जुळायचे!

जुळणं म्हणजे समजणं नव्हे, हे पुढं लेस पेरेलमन यांनी दाखवलं. त्यांनी २०१४ साली विद्यार्थ्यांना हाताशी धरून एक गमतीचा प्रोग्रॅम केला. त्याला दोन-तीन शब्द दिले की तो भारदस्त शब्दांचा, अर्थाचा पत्ता नसलेला लांबलचक इंग्रजी निबंध तयार करायचा. असे निबंध तपासणाऱ्या यंत्रांनी त्यांना भरघोस गुण दिले. आजची यंत्रं त्या मानानं फार पुढं गेली आहेत, त्यांना पर्यायी शब्द कळतात, वाक्याचा रोखही बऱ्याचदा कळतो. पण आपल्याकडं ती मराठीची जोडाक्षरं आणि रफार वाचणार आहेत, तेही घाईत लिहिलेल्या, मागच्या पानाची शाई उमटलेल्या कागदावर, शाळेच्या व्हरांड्यात मोबाईलवर टिपलेल्या.

मोठ्या प्रमाणावर हे करून बघितलेल्यांचं काय झालं? टेक्सास राज्यानं शाळांच्या राज्यस्तरीय परीक्षेतली लेखी उत्तरं संगणकाकडून तपासायला घेतली. तिथं २०२३ साली सुमारे ६००० माणसं तपासनीस होती, ती पुढच्या वर्षी २००० च्या आत आली. वर्षाला दीड ते दोन कोटी डॉलर वाचतील असा हिशोब होता. तरीही त्यांनी साधारण एक चतुर्थांश उत्तरं माणसांकडून पुन्हा तपासायची ठेवली. एवढं श्रीमंत राज्य, सगळा कारभार इंग्रजीत, आणि तरी चारातलं एक उत्तर माणसानं बघायचं! आपल्या शाळेच्या योजनेत असा एकही पेपर ठेवलेला नाही. मी विचारलं होतं.

मॅसॅच्युसेट्समध्ये २०२५ साली अशाच तपासणीत सुमारे १४०० निबंधांना चुकीचे गुण गेले. ते उघडकीला आलं कसं? एका प्राथमिक शाळेत शिक्षकांनी आपल्या मुलांचे निबंध स्वतः वाचले आणि गुण जुळेनात म्हणून. हे नीट लक्षात घ्या. यंत्राची चूक वाचणाऱ्या माणसाला सापडली. आपण वाचणारा माणूसच काढून टाकला तर चूक सापडणारच नाही, आणि मग सगळे म्हणतील की बघा, एकही तक्रार नाही.

इंग्लंडचं उदाहरण थोडं वेगळं आहे, तिथं पेपर वाचणारं यंत्र नव्हतं. २०२० साली करोनामुळं परीक्षा रद्द झाल्या तेव्हा आपल्या बारावीच्या तोडीच्या ए-लेव्हलच्या श्रेणी एका गणिती सूत्रानं ठरवल्या. त्या शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल त्यात धरले होते. शिक्षकांनी दिलेल्या अंदाजापेक्षा सुमारे ४० टक्के श्रेणी खाली आल्या. चांगली मुलगी साध्या शाळेत शिकली असेल तर तिच्या शाळेचा इतिहास तिच्या पाठीवर बसला. उलट ज्या विषयाला वर्गात मोजकीच मुलं होती तिथं शिक्षकांचा शब्द चालला, आणि असे छोटे वर्ग बहुतेक पैसेवाल्या खासगी शाळांत होते. मुलं रस्त्यावर उतरली आणि १७ ऑगस्टला सरकारला ते मागं घ्यावं लागलं. सूत्र करणाऱ्यांचा कुणावर राग नव्हता. पण मुलं विचारू लागली की मला ही श्रेणी कुणी दिली, तेव्हा बोट दाखवायला माणूस नव्हता.

आपल्या धर्मात हा प्रश्न फार जुना आहे. कृत, कारित, अनुमोदना. स्वतः केलं, दुसऱ्याकडून करवलं किंवा करणाऱ्याला ‘बरं केलंस’ म्हटलं, तिन्हींचा बंध पडतो. यंत्राला कर्माचा बंध नाही आणि लाजही नाही. पागोळ्यांच्या त्या दोन गुणांचं त्याला काहीच वाटलं नाही, वाटणारही नाही. मग ते कर्म हवेत विरतं का? आपल्या शास्त्राप्रमाणं विरत नाही. ज्यानं ‘मान्य’ वर बोट ठेवलं त्याच्याकडं, ज्यांनी ठराव केला त्यांच्याकडं, आणि पाटीवर नाव लागेल म्हणून जिनं पाकीट भरलं तिच्याकडंही ते येतं. हे मी भीती घालायला लिहीत नाही. ‘सिस्टीमनं दिलं’ हे उत्तर आपल्या घरात चालत नाही, एवढंच म्हणायचंय. दूध उतू गेलं तर गॅसनं घातलं असं कुणी म्हणत नाही.

आता शिक्षकांची बाजू. ती खरी आहे, आणि ती टाळून माझं म्हणणं पूर्ण होणार नाही. एका शिक्षिकेकडं चार तुकड्या, तुकडीत साठ मुलं, म्हणजे २४० पेपर. एका पेपरला पाचच मिनिटं धरली तरी १२०० मिनिटं, म्हणजे २० तास. हे शाळा सुटल्यावर, स्वयंपाक झाल्यावर, रात्री. वर निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाईन माहिती भरणं. तिला यंत्र हवंसं वाटलं तर मी तिला दोष देणार नाही. पण तिच्या डोक्यावरचं ओझं बघा कशाचं आहे. माहिती भरणं, हजेरीचे तक्ते, पोषण आहाराचा हिशोब, परिपत्रकांची उत्तरं. यंत्र आणायचंच तर ते या कामांसाठी आणा! तिथं मुलाचं काही जात नाही. सगळी कारकुनी बाईंनी करायची आणि मुलाचं वाचायचं तेवढं यंत्रानं, ही वाटणी केली कुणी?

आणि ज्ञानदानाचे पैसे आहेतच, तर मी एक सांगते. आपल्यातल्या किती जणींच्या कपाटात बी.एड.ची पदवी आहे? मोजून बघा. माझ्याच गल्लीत चौघी निघाल्या. एकीनं लग्नाआधी तीन वर्षं गणित शिकवलंय. एक मराठीची एम.ए. आहे, आणि तिची भाषा आता व्हॉट्सअॅपवरच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांत संपते. मुलं मोठी झाली, दुपारी दोन ते चार घर रिकामं असतं. कंपनीला दर मुलामागे दरवर्षी द्यायचे तेच पैसे मानधन म्हणून द्या आणि या बायकांना सहामाहीच्या आणि सराव परीक्षेच्या वेळी शाळेत बोलवा. विषयाच्या शिक्षिकेशेजारी बसून त्या पेपर वाचतील, शंका आली तर विचारतील, शेरा हातानं लिहितील. गुणांवर शेवटची सही शिक्षिकेचीच. विश्वस्त हसतील, मला माहीत आहे. बायकांना घरातून बाहेर काढण्यापेक्षा यंत्र विकत घेणं त्यांना सोपं वाटतं.

कर्मवीर भाऊराव पाटील आपल्याच कुंभोजचे, हे आपण अभिमानानं सांगतो. १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली, हेही सांगतो. लक्ष्मीबाईंचं मात्र घाईत उरकतो. वसतिगृहातल्या पोरांना जेवायला धान्य नव्हतं तेव्हा त्यांनी आपले दागिने दिले, शेवटी मंगळसूत्रही. त्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एका पंगतीला बसत, आणि सोवळ्यात वाढलेल्या या बाईंनी त्यांना आपली मुलं मानलं. आपल्या समाजातलं ज्ञानदान म्हणजे काय, याचा नमुना एका बाईनं घालून दिलाय. त्यात कुठं पाटी नाही.

आता मैत्रिणींनो, जरा आपल्याकडंही बघू. शाळेला बोल लावताना आपल्या घरात काय चाललंय? दहावीला लेखी ८० गुणांची आणि २० गुण शाळेच्या हातात. त्या वीसासाठी प्रकल्प, वही, उपक्रम. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं आणि आता प्रकल्प रात्री दहाला आठवतो नि साडेदहाला छापून तयार होतो. कितीतरी आया ते स्वतः करतात. ‘पोराचा क्लास असतो हो, वेळ कुठाय’. म्हणजे प्रकल्प आईच्या मोबाईलमधल्या यंत्रानं लिहायचा आणि शाळेच्या मोबाईलमधल्या यंत्रानं तपासायचा. मधे मूल कुठं आहे? दारात उभं राहून दोन यंत्रांचं बोलणं ऐकतंय. आई असं करते तेव्हा शाळेला यंत्र आणायला तोंड मिळतं, हे कटू असलं तरी खरं आहे.

ज्ञानावर आवरण कशानं येतं, त्याची कारणं तत्त्वार्थसूत्राच्या वर्गात आपण सगळ्यांनी म्हटली आहेत. त्यात एक निह्नव आहे. ज्ञान कुणाकडून मिळालं ते लपवणं, माहीत असून नाही म्हणणं. मुलानं यंत्राला विचारलं तर विचारू दे, पण वहीत लिहू दे की हे मी यंत्राला विचारलं, त्यानं असं सांगितलं, आणि मला त्यातलं हे पटलं नाही. असा प्रकल्प मला दाखवा, मी त्याला वीसपैकी वीस देईन. पाप विचारण्यात नाही, लपवण्यात आहे.

काही शाळांनी उलटा उपाय काढलाय, मुलानं यंत्राकडून लिहून घेतलं का ते दुसऱ्या यंत्राकडून ओळखायचं. त्याच्यावर तर अजिबात विसंबू नका. चॅटजीपीटी करणाऱ्या कंपनीनंच असं ओळखण्याचं साधन काढलं होतं, आणि ते नीट ओळखत नाही म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशी सात साधनं तपासली. इंग्रजी मातृभाषा नसलेल्या मुलांनी स्वतः लिहिलेले निम्म्याहून अधिक निबंध या साधनांनी यंत्राचे ठरवले, कारण त्यांचे शब्द साधे होते. आपली सेमी-इंग्रजीतली पोरं काय लिहितात? साधं, पुस्तकी, मोजक्या शब्दांचं इंग्रजी. म्हणजे खऱ्या मुलाला चोर ठरवायची सोय.

मी यंत्राच्या विरुद्ध नाही. सीबीएसईनं २०१९ पासून नववीला कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषय ठेवला, माझ्या भाच्यानं तो घेतलाय आणि आवडीनं शिकतोय. यंत्र कसं चालतं ते मुलांनी शिकलंच पाहिजे, मुलींनी तर जास्तच. दृष्टिहीन मुलाला पुस्तक वाचून दाखवायला, गणिताची सरावाची उदाहरणं काढायला, पर्यायी उत्तरांचे गोल तपासायला खुशाल वापरा, ते गोल तर यंत्रं कितीतरी वर्षं तपासतायत आणि कुणाची तक्रार नाही. पण मुलाला यंत्राविषयी शिकवणं वेगळं आणि मुलाला यंत्रापुढं उभं करून त्याची किंमत ठरवणं वेगळं. युरोपीय संघानं २०२४ च्या कायद्यात मुलांचं शिकणं मोजणारी आणि प्रवेश ठरवणारी यंत्रणा जास्त जोखमीच्या यादीत घातली आहे. आपल्याकडं मात्र तिची जागा दानाच्या फळ्यावर.

रविवारी चार वाजता शाळेच्या सभागृहात पालकांची सभा आहे. नुसतं जाऊन बसू नका. पहिलं विचारा, किती पेपर माणूस पुन्हा वाचणार, आकडा सांगा. गुण बदलायला अर्ज लागणार का, की विषयाच्या बाई तिथल्या तिथं बदलू शकतील, तेही विचारा. मुलांच्या हस्ताक्षराची छायाचित्रं कंपनीकडं किती वर्षं राहणार? २०२३ च्या माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालचे सगळे बालक आहेत आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते, आपल्यापैकी कुणाची सही घेतली आहे का? आणि एक प्रश्न मी स्वतः विचारणार आहे: विश्वस्तांची स्वतःची नातवंडं ज्या शाळांत आहेत, तिथं पेपर कोण तपासतं?

ज्यांच्याकडं बी.एड. आहे त्यांनी नाव आणि विषय एका चिठ्ठीवर लिहून आणा. मी सगळ्या चिठ्ठ्या एकत्र करून मुख्याध्यापिकांच्या हातात देणार आहे. आमच्या गल्लीतल्या चौघींची नावं आलीच आहेत. इतिहासाला अजून कुणी मिळालेलं नाही.

दिवस मावळायच्या आत जेवणाऱ्यांनी काळजी करू नये, साडेपाचला संपवतो असं अध्यक्षांनी सांगितलंय.